कॅमेऱ्याच्या दुकानातला संघटक

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'समलिंगी हक्कांच्या चळवळीची ओळख' असा विषय छापला आहे. एवढी मोठी चळवळ पाऊण तासात बसवणे मला जमणार नाही. त्याऐवजी मी एकाच माणसाविषयी बोलणार आहे. हार्वे मिल्क त्याचे नाव. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरातला कार्यकर्ता, १९७८ साली त्याचा खून झाला. मी एकेरीत बोलते आहे, कारण त्याच्या गल्लीत लहानथोर सगळे त्याला 'हार्वे' म्हणूनच हाक मारत.

हाच माणूस का? आपल्याकडे समलिंगी व्यक्तींचा विषय निघाला की बोलणे दोन गोष्टींवर जाते. एक तर कलम ३७७, नाही तर एड्स. म्हणजे गुन्हा किंवा आजार. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून बाहेर काढले, तरी आपल्या बैठकांतली चर्चा फारशी पुढे सरकलेली नाही. संघटना कशी उभी राहिली, पत्रके कोणी वाटली, विरोधात असलेल्या शेजाऱ्याशी कोण जाऊन बोलले, हे कोणी सांगत नाही. आपल्याला तर त्यातच रस आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात 'समुदाय संघटन' नावाचा एक अख्खा पेपर असतो. त्याच्या पायऱ्या मी परीक्षेपुरत्या पाठ केल्या होत्या. त्या पायऱ्या प्रत्यक्षात किती वेड्यावाकड्या असतात ते या माणसाचे चरित्र वाचताना समजले.

त्याचा जन्म २२ मे १९३० चा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, एका ज्यू कुटुंबात. आजोबांचे कपड्यांचे मोठे दुकान होते. पोरगा बडबड्या आणि विनोदी. गणित घेऊन पदवीधर झाला, नौदलात गेला, मग शाळेत शिकवले, विमा कंपनीत काम केले आणि शेवटी शेअरबाजारातल्या एका पेढीत चांगली नोकरी धरली. आपण समलिंगी आहोत हे त्याला विशीच्या आधीच कळले होते. पण कचेरीत तो इतरांसारखाच कोट-टायमध्ये वावरत असे. राजकारण म्हणाल तर १९६४ साली तो उजव्या विचारांच्या बॅरी गोल्डवॉटरचा प्रचार करत होता. साठीच्या दशकात त्याचे ज्या तरुणाशी नाते होते तो, क्रेग रॉडवेल, त्या काळातला धीट कार्यकर्ता. रॉडवेलला पोलिसांनी पकडले तेव्हा हार्वे घाबरला आणि हळूहळू त्याच्यापासून दूर झाला.

हे मी मुद्दाम सांगते. कार्यकर्ते काही जन्मजात कार्यकर्ते म्हणून येत नाहीत. आपल्या गटांत एखादी बाई पहिल्या वर्षी मोर्चाला यायला कचरते, तेव्हा तिच्या नावापुढे लगेच फुली मारण्यात अर्थ नसतो.

१९७२ साली तो आपला जोडीदार स्कॉट स्मिथ याच्याबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला आला. केस वाढलेले, नोकरी सुटलेली. मार्च १९७३ मध्ये दोघांनी साठवलेल्या हजार डॉलरमधून कॅस्ट्रो रस्त्यावर कॅमेऱ्याचे दुकान टाकले. कॅस्ट्रो ही मुळात आयरिश कॅथलिक कामगारांची वस्ती. जुनी कुटुंबे उपनगरांकडे निघाली होती, घरे स्वस्त झाली होती, आणि देशभरातून घर सोडून आलेले, घरच्यांनी हाकललेले समलिंगी तरुण तिथे राहायला येऊ लागले होते. जुन्यांना नवे नकोसे होते. पोलीस बारमध्ये घुसून मारहाण करत.

आता गंमत पाहा. हा माणूस सार्वजनिक कामात ओढला गेला तो लैंगिकतेच्या प्रश्नावरून नव्हे. दुकान उघडताच सरकारी अधिकारी आला आणि विक्रीकराची अनामत म्हणून शंभर डॉलर मागू लागला. हार्वे त्याच्याशी तावातावाने भांडला, खेटे घालून ती रक्कम कमी करून घेतली. मग एक शिक्षिका दुकानात आली. शाळेतला प्रोजेक्टर बंद पडलेला, वर्गासाठी उसना मिळेल का, असे विचारायला. त्याच सुमाराला दूरचित्रवाणीवर वॉटरगेट प्रकरणाची सुनावणी चालू होती. कर घेता, मग शाळेत प्रोजेक्टर का नाही, या रागातून तो त्याच वर्षी शहराच्या निवडणुकीला उभा राहिला. बत्तीस उमेदवारांत दहावा आला, सुमारे १६,९०० मते पडली. हाती पैसा नसलेल्या, शेंडी बांधलेल्या दुकानदाराला!

दुकानाचे नाव कॅमेऱ्याचे, पण धंदा यथातथाच. आत एक जुना कोच टाकलेला होता. त्यावर बसून लोक गप्पा मारत, भाड्याच्या भानगडी सांगत, पोलिसांच्या तक्रारी करत, नोकरी आहे का विचारत. फोटोचे रोल धुवायला टाकणारे थोडे आणि बसणारे जास्त. आपल्यापैकी ज्यांनी वस्तीत एखाद्या ताईंच्या ओट्यावर सल्ला केंद्र चालवले आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. मतदार नोंदणीचे अर्ज तिथेच, पत्रकांच्या घड्या तिथेच.

त्याच्या कामाचे दोन प्रसंग मला फार शिकवून जातात. पहिला व्यापाऱ्यांचा. दोघा समलिंगी पुरुषांना जुन्या वस्तूंचे दुकान काढायचे होते. तिथल्या जुन्या व्यापारी संघाने त्यांना परवाना मिळू नये म्हणून खटपट केली. हार्वेने इतर दुकानदारांना गोळा करून वेगळी संघटना काढली, आणि १९७४ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावर जत्रा भरवली. पाचेक हजार माणसे आली. विरोध करणाऱ्या जुन्या दुकानदारांचाही त्या दिवशी असा धंदा झाला, की त्यातले काही चकित होऊन गेले. भाषण देऊन मतपरिवर्तन झाले नसते, ते गल्ल्याने केले. याला कोणी दुकानदारी म्हणेल. म्हणू दे.

दुसरा प्रसंग कामगारांचा. बीअरच्या मालमोटारी चालवणाऱ्या कामगारांच्या युनियनचा कंपन्यांशी झगडा चालू होता. युनियनचा पुढारी ॲलन बेअर्ड हा त्याच वस्तीतला. तो हार्वेकडे आला आणि म्हणाला, समलिंगींच्या बारमधून ही बीअर बंद करता येईल का? हार्वेने होकार दिला, पण एक अट घातली: बीअरच्या गाड्यांवर समलिंगी ड्रायव्हरांनाही काम मिळाले पाहिजे. मग तो बारबार फिरला आणि बहिष्कार यशस्वी करून दाखवला. बहुतेक कंपन्यांनी करार केला, कूर्स ही एक अडून राहिली. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत कडवट, मर्दानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या युनियन त्याच्या मागे उभ्या राहिल्या. आमच्या प्रश्नाला पाठिंबा द्या असे नुसते न म्हणता तो आधी त्यांच्या संपात उतरला. आपल्याकडे स्त्रियांच्या संघटनांनी गिरणी कामगारांच्या आणि धरणग्रस्तांच्या लढ्यांत हेच केले होते. त्या लढ्यांनी आपल्या प्रश्नांत तेवढीच साथ दिली का, हा हिशेब वेगळा मांडावा लागेल.

१९७५ साली तो केस कापून, जुना सूट घालून पुन्हा उभा राहिला. जागा सहा, हा सातवा. १९७६ साली राज्याच्या विधानसभेला उभा राहिला आणि चार हजारांपेक्षा कमी मतांनी हरला. याच काळात दोन बदल झाले. एक म्हणजे कॅलिफोर्नियात प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा रद्द झाला. तो रद्द करणारे विधेयक १९७५ मध्ये मंजूर झाले. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत जॉर्ज मॉस्कोनी हा एक होता, तो पुढे शहराचा महापौर झाला. दुसरा बदल निवडणुकीच्या पद्धतीचा. तोवर सगळ्या शहराने सगळे सभासद निवडायचे अशी रीत होती. अशा पद्धतीत ज्यांच्याकडे पैसा तेच निवडून येतात. नागरिकांच्या गटांनी झगडून १९७६ च्या मतदानात प्रभागवार निवडणूक मिळवली.

प्रभाग म्हणजे काय चीज आहे ते आपल्याला वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर १९७७ मध्ये पहिली प्रभागवार निवडणूक झाली. सोळा प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून हार्वे निवडून आला. पण मला महत्त्वाचे वाटते ते त्याच्याबरोबर कोण आले ते. एला हिल हच ही कृष्णवर्णीय स्त्री आली. कॅरोल रुथ सिल्व्हर ही लग्नाशिवाय आई झालेली वकील आली. गॉर्डन लाऊ हा चिनी वंशाचा उमेदवार आला. आणि दक्षिणेकडच्या कामगार वस्तीतून डॅन व्हाइट आला. तो आधी पोलीस होता, नंतर अग्निशामक दलात. त्याच्याकडे आपण पुढे येऊच.

या विजयी प्रचाराची सूत्रे एका तरुणीच्या हातात होती. तिचे नाव ॲन क्रोनेनबर्ग, वय पंचविशीच्या आतले, स्वतः समलिंगी. निवडणुकीचा अनुभव शून्य. तोवर कॅस्ट्रोतली समलिंगी चळवळ म्हणजे बहुतांशी पुरुषांचीच. बार पुरुषांचे, दुकाने पुरुषांची, पैसाही पुरुषांकडे. समलिंगी स्त्रिया शहराच्या दुसऱ्या भागांत राहत, कमी पगारावर काम करत, आणि स्त्रीमुक्तीच्या गटांत त्यांची जास्त ऊठबस होती. त्यांना या पुरुषांविषयी शंका होत्या आणि त्या खऱ्याही होत्या. ॲनने दुकानातली अंदाधुंदी आवरली आणि कामाला शिस्त लावली. पुढे ती त्याची सहायक म्हणून महापालिकेत गेली. हार्वेच्या गोष्टीत तिचे नाव दोन ओळींत उरकतात, म्हणून मी थांबून सांगितले.

पुढच्या अकरा महिन्यांत त्याने काय केले? नोकरी, घर आणि सार्वजनिक ठिकाणी समलिंगी व्यक्तींशी भेदभाव करण्यास बंदी घालणारा शहराचा कायदा करून घेतला. विरोधात मत एकट्या डॅन व्हाइटचे. आणि कुत्र्याची घाण मालकाने उचलली पाहिजे असाही एक कायदा आणला. त्यासाठी पत्रकारांना बागेत बोलावून स्वतःचा बूट नेमका त्या घाणीत घातला. दुसऱ्या कायद्यावर त्याला जास्त पत्रे आली म्हणतात, आणि मला त्याचे नवल वाटत नाही. नळाचे पाणी आणि गटार यांवर काम केल्याशिवाय वस्ती आपले ऐकत नाही.

आता १९७८ सालची मोठी लढाई. आदल्या वर्षी फ्लोरिडात अनिता ब्रायंट या गायिकेने 'मुले वाचवा' असा प्रचार करून तिथला भेदभावविरोधी नियम मतदानाने रद्द करवला होता. तेच लोण कॅलिफोर्नियात आले. जॉन ब्रिग्ज नावाच्या सेनेटरने प्रस्ताव ६ मांडला: समलिंगी व्यक्तींना, आणि त्यांच्या हक्कांचे उघड समर्थन करणाऱ्या कोणालाही, सरकारी शाळेत नोकरी करता येणार नाही. सुरुवातीच्या पाहण्यांत मतदारांचा कौल ब्रिग्जच्या बाजूने होता.

हार्वे आणि सॅली गिअरहार्ट या दोघांनी दूरचित्रवाणीवर ब्रिग्जशी जाहीर वाद घातला. सॅली ही स्त्रीवादी प्राध्यापिका, विद्यापीठात स्त्री-अभ्यास सुरू करणाऱ्यांपैकी एक, उघडपणे समलिंगी. 'द टाइम्स ऑफ हार्वे मिल्क' या १९८४ च्या माहितीपटात हा वाद पाहायला मिळतो. ब्रिग्ज पुन्हा पुन्हा म्हणतो की या लोकांपासून मुलांना धोका आहे. सॅली शांतपणे त्याला आकडेवारीकडे वळवते: मुलांवर अत्याचार करणारे बहुसंख्य विषमलिंगी पुरुष असतात. आपण इथे बसलेल्या सगळ्याजणी जाणतो की हा धोका बहुतेक वेळा घरातूनच, ओळखीच्या माणसाकडून येतो. मुलांच्या सुरक्षिततेच्या नावाने तिऱ्हाइताकडे बोट दाखवले की घरातला गुन्हेगार सुरक्षित राहतो. ही मांडणी स्त्री-चळवळीने त्या लढाईला पुरवली.

बाकीची लढाई दारोदार झाली. शिक्षकांच्या युनियन आल्या, गल्लोगल्ली पत्रके गेली. रोनाल्ड रेगनसारख्या उजव्या पुढाऱ्यानेही विरोध केला. त्याचे म्हणणे असे, की नापास झालेला एखादा विद्यार्थीसुद्धा शिक्षकावर असा आळ घेऊ शकेल. आणि हार्वेने आपल्या लोकांना एकच आग्रह धरला: सांगा. आईबापांना, शेजाऱ्यांना, दुकानदाराला, बरोबर काम करणाऱ्यांना सांगा की मी समलिंगी आहे. मतदाराच्या ओळखीतला एक जरी माणूस निघाला तरी तो त्याच्या विरोधात मत टाकताना थांबेल, असे त्याचे गणित होते. ७ नोव्हेंबर १९७८ रोजी ब्रिग्जचा प्रस्ताव दहा लाखांहून अधिक मतांनी पडला. गणित बरोबर निघाले.

इथे मला एका कडू प्रकरणावर बोलायचे आहे. २२ सप्टेंबर १९७५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड यांच्यावर एका बाईने गोळी झाडली. गर्दीतल्या ऑलिव्हर सिप्पल या माजी सैनिकाने तिचा हात धरला, अध्यक्षांचा जीव वाचला. सिप्पल समलिंगी होता. कॅस्ट्रोत ते लोकांना माहीत होते, हार्वेच्या प्रचारातही त्याने काम केले होते. पण दूर डेट्रॉइटला राहणाऱ्या घरच्यांना माहीत नव्हते. दोनच दिवसांत ते वर्तमानपत्राच्या स्तंभात छापून आले. ती बातमी स्तंभलेखकाकडे पोचवणाऱ्यांत हार्वे होता, असे त्याच्या चरित्रात नोंदलेले आहे. समलिंगी माणूसही शूर असतो हे देशाला दिसावे, असा त्याचा विचार. सिप्पलची आई त्याच्याशी बोलेनाशी झाली. त्याने वर्तमानपत्रावर दावा लावला. १९८४ साली न्यायालयाने तो फेटाळला, कारण त्याच्या शहरात शेकडो लोकांना हे आधीच ठाऊक होते, मग ती खाजगी बाब कशी? पुढे तो दारूत बुडाला आणि १९८९ साली एकटा मेला.

हार्वेच्या कामाविषयी मला कितीही आदर असला तरी हे मला मान्य नाही. चळवळीला उदाहरण हवे होते, पण किंमत सिप्पलने मोजली आणि त्याला कोणी विचारलेही नाही. न्यायालयाचा तर्क तर बाईमाणसाला हास्यास्पदच वाटेल. मैत्रिणींत माहीत असलेली गोष्ट घरात माहीत होणे यात किती अंतर असते! सल्ला केंद्रात बसणाऱ्या आपल्याला हे रोज दिसते. कारखान्यात, वसतिगृहात दोघींचे नाते सगळ्यांना ठाऊक असते. गावी कळले की आठ दिवसांत मुलीचे लग्न ठरते, फोन काढून घेतला जातो, नाही तर 'उपचारा'साठी कुठे तरी नेले जाते. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण असेच होते. मदुराईतल्या दोन तरुणी पळून चेन्नईला गेल्या, पालकांनी हरवल्याची तक्रार केली, पोलीस मागे लागले. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी हा विषय आपल्याला समजत नाही हे ओळखून आधी मानसतज्ज्ञांकडे बसून तो समजून घेतला, आणि मग लैंगिकता 'बदलण्याच्या' उपचारांना मनाई करणारा आदेश दिला. त्या दोघींना संस्थांची साथ मिळाली म्हणून त्या न्यायालयापर्यंत पोचल्या. पुरुषाला घराबाहेर एक कॅस्ट्रो मिळू शकतो. मुलीला आधी घराबाहेर पडता आले पाहिजे, पगार स्वतःच्या हातात आला पाहिजे, मग ती काही 'सांगू' शकते. म्हणून हार्वेचे 'सांगा' मी आपल्या केंद्राच्या भिंतीवर लिहिणार नाही. आणि हा विषय शहरी, खात्यापित्या बायकांचा आहे, आपल्या गटांचा नाही, असे काल रात्री जेवताना काहीजणी म्हणत होत्या. सक्तीचे लग्न आपला विषय आहे ना? मग हाही आहे.

शेवटचे थोडक्यात सांगते. डॅन व्हाइटने नोव्हेंबर १९७८ मध्ये राजीनामा दिला, पगार पुरत नाही म्हणून. मग विचार बदलून जागा परत मागितली. ती देऊ नये असा हार्वेने महापौरांकडे आग्रह धरला. २७ नोव्हेंबरला व्हाइट तळघराच्या खिडकीतून महापालिकेत शिरला, कारण मुख्य दारावर धातुशोधक होता. त्याने आधी महापौर मॉस्कोनीला आणि मग हार्वेला गोळ्या घातल्या. हार्वे ४८ वर्षांचा होता. त्या रात्री हजारो लोक मेणबत्त्या घेऊन कॅस्ट्रोपासून महापालिकेपर्यंत चालत गेले.

खटल्यात बचाव असा की आरोपी खचलेला होता, चांगल्या घरातला होता, त्याचे मन ठिकाणावर नव्हते. २१ मे १९७९ रोजी ज्यूरीने खुनाचा आरोप बाजूला ठेवून सदोष मनुष्यवधाचा निकाल दिला. शिक्षा सात वर्षे आठ महिने. दोन माणसांचे खून, खिशात जादा काडतुसे, आणि तरी सहानुभूती मारणाऱ्याला. हुंडाबळीच्या खटल्यांना हजर राहिलेल्यांनी असे निकाल ऐकले आहेत. त्या रात्री दंगल झाली, पोलिसांच्या गाड्या जळल्या, नंतर पोलिसांनी कॅस्ट्रोतला एक बार फोडून आतल्यांना बडवले. पुढे कॅलिफोर्नियाने तो बचावच कायद्यातून काढून टाकला.

हार्वेने आपल्याला मारले जाईल हे गृहीत धरून १९७७ सालीच एका टेपवर बोलून ठेवले होते. आपल्यानंतर जागेवर कोण चालेल त्यांची नावे त्यात होती, त्यात ॲन क्रोनेनबर्गचेही होते. नव्या महापौर डायान फाइनस्टाइन यांनी हॅरी ब्रिट याला नेमले. ॲनने पुढे शहराच्या आरोग्य खात्यात अनेक वर्षे काम केले. २००९ साली हार्वेला मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचे पदक मिळाले. नौदलाच्या एका जहाजाला त्याचे नाव दिले होते, ते २०२५ साली काढून टाकले गेले.

चहानंतर आपण पाच गटांत बसणार आहोत. प्रत्येक गटाला मी सिप्पलचे प्रकरण एका कागदावर लिहून दिले आहे, फक्त सिप्पलच्या जागी आपल्या केंद्रात आलेली बावीस वर्षांची मुलगी आहे आणि वर्तमानपत्राच्या जागी तिच्या मामांचा फोन आहे. मामा विचारताहेत, ती तुमच्याकडे आली होती का, आणि तिच्याबरोबर कोण होते. फोन तुम्ही उचलला आहे. काय बोलाल ते शब्दशः लिहून काढा.